बायोमेडिकल अभियांत्रिकीच्या पदवीनंतर काय? मराठवाड्यातील पदवीधरांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

मराठवाड्यातून बायोमेडिकल अभियांत्रिकीकडे येणारे विद्यार्थी साधारणपणे दोन वाटांनी येतात. काहींनी लातूर किंवा नांदेडला शिकताना बारावीला गणित आणि जीवशास्त्र हे दोन्ही विषय ठेवलेले असतात; नीटमध्ये एमबीबीएसपर्यंत पोचतील एवढे गुण मिळत नाहीत आणि सीईटीच्या प्रवेशफेरीत ही शाखा पदरी पडते. काहींना मात्र रुग्णालयातल्या यंत्रांची खरोखरच ओढ असते. वाट कोणतीही असली तरी शेवटच्या वर्षात दोघांपुढे एकच अडचण उभी राहते. महाविद्यालयात मुलाखतींसाठी येणाऱ्या बहुतेक कंपन्या सॉफ्टवेअरच्या असतात, घरच्यांना या पदवीची नोकरी नेमकी कुठे मिळते हे सांगता येत नाही आणि वरच्या वर्गातले निम्मे विद्यार्थी क्षेत्र सोडून गेलेले दिसतात. त्यामुळे या पदवीला काम नाही असा समज पसरतो. काम भरपूर आहे, पण ते विखुरलेले आहे आणि त्याच्या जाहिराती नेहमी 'बायोमेडिकल' या नावाने निघत नाहीत. हा लेख त्या कामापर्यंत कसे पोचायचे यासाठी आहे, आणि त्यामागे माझे एक ठाम मत आहे: पदवीनंतरची पहिली दोन-तीन वर्षे चालू यंत्राच्या जवळ घालवावीत आणि पुढची वाट त्या अनुभवावरून निवडावी.

पहिली पायरी: पदवी हातात येण्याआधी

सहाव्या किंवा सातव्या सत्रात एखाद्या मोठ्या रुग्णालयाच्या बायोमेडिकल विभागात किमान एक महिना काम करण्याची परवानगी मिळवा. त्यासाठी मुंबई-पुण्यालाच राहिले पाहिजे असे नाही. छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय, अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय, नांदेड आणि लातूरची शासकीय वैद्यकीय महाविद्यालये, तसेच संभाजीनगरातील मोठी खासगी रुग्णालये यांच्याकडे व्हेंटिलेटर, भूलयंत्रे, मॉनिटर, सीटी, एमआरआय, डायलिसिस अशी जवळजवळ सगळी यंत्रसामग्री असते. महाविद्यालयाचे पत्र घेऊन अधिष्ठाता किंवा वैद्यकीय अधीक्षकांना प्रत्यक्ष भेटा, कारण नुसत्या ईमेलला उत्तर येईलच याची खात्री नसते. त्या महिन्यात तीन गोष्टी शिकून घ्या: यंत्रांची नोंदवही कशी ठेवतात, बिघाडाची तक्रार आल्यावर पहिल्या दहा मिनिटांत काय तपासतात आणि कंपनीचा अभियंता येतो तेव्हा तो यंत्र कोणत्या क्रमाने उघडतो.

शेवटच्या वर्षाचा प्रकल्प निवडताना यूट्यूबवर पाहून केलेल्या ईसीजी सर्किटची आणखी एक प्रत काढू नका. एखाद्या ग्रामीण रुग्णालयात वारंवार बंद पडणारे एक उपकरण निवडा, मग तो सक्शन पंप असो किंवा नवजात बालकांचा वॉर्मर. त्याच्या बिघाडांची नोंद काढा, कारण शोधा आणि त्यावर उपाय करून दाखवा. मुलाखतीत असा प्रकल्प तुमच्याकडून सविस्तर सांगितला जाईल, कारण त्यातला प्रत्येक भाग तुम्ही हाताळलेला असेल.

पदवीनंतर लगेच नोकरी मिळाली नाही तर राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी योजनेत नाव नोंदवा. या योजनेत पदवीधर अभियंत्याला एका वर्षाचे प्रशिक्षण आणि विद्यावेतन मिळते. घरी बसून जाहिरातींची वाट पाहण्यापेक्षा ते वर्ष कामी येते.

दुसरी पायरी: रुग्णालयातील काम नीट समजून घेणे

रुग्णालयातला बायोमेडिकल अभियंता म्हणजे यंत्रे दुरुस्त करणारा माणूस, एवढीच समजूत बहुतेकांची असते. प्रत्यक्षात दुरुस्ती हा त्याच्या कामाचा एक भाग आहे. खरेदीपूर्वी तांत्रिक निकष लिहिणे, आलेले यंत्र त्या निकषांप्रमाणे आहे का हे तपासून मगच स्वीकारणे, ठरलेल्या काळाने देखभाल आणि कॅलिब्रेशन (यंत्राची मापे प्रमाणित मापाशी ताडून पाहणे) करून घेणे, वार्षिक देखभाल करारांवर लक्ष ठेवणे, परिचारिकांना यंत्र वापरायला शिकवणे आणि आयुष्य संपलेले यंत्र कागदोपत्री निकाली काढणे ही सगळी कामे त्याच्याकडे असतात. एनएबीएच हे रुग्णालयांच्या गुणवत्तेचे मानांकन हवे असलेल्या रुग्णालयाला या सगळ्याच्या नोंदी दाखवाव्या लागतात. म्हणूनच जिल्ह्याच्या ठिकाणच्या मध्यम आकाराच्या खासगी रुग्णालयांतही आता या पदाची विचारणा होऊ लागली आहे.

या कामाचे महत्त्व मराठवाड्याने २०२१ मध्ये अनुभवले. कोविडच्या दुसऱ्या लाटेत घाटी रुग्णालयाला मिळालेल्या १५० व्हेंटिलेटरच्या कामगिरीचा प्रश्न उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेला होता. व्हेंटिलेटर रुग्णाला लावण्यापूर्वी तपासणी-फुफ्फुस (रुग्णाऐवजी जोडायचे कृत्रिम फुफ्फुस) जोडून त्याचा दाब, प्राणवायूचे प्रमाण आणि अलार्म तपासणे, निकाल लिहून ठेवणे आणि न पटल्यास स्वीकृतीच्या कागदावर सही न करणे, हे सारे बायोमेडिकल अभियंत्याचे काम आहे. नव्या पदवीधराने सर्वप्रथम अंगी बाणवायची शिस्त ती हीच, असे मला वाटते.

आपल्या भागात काही प्रश्न असे आहेत की ते पुस्तकातून कळत नाहीत. पहिला प्रश्न अर्थिंगचा. मराठवाड्यातली काळी जमीन उन्हाळ्यात वाळते, भेगाळते आणि अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध वाढतो. पावसाळ्यात घेतलेले माप मे महिन्यात खरे राहत नाही, म्हणून ही मोजणी उन्हाळ्यातही करायला हवी. यंत्राच्या धातूच्या भागातून जाणारा गळतीचा प्रवाह जमिनीत जाण्याचा मार्ग खंडित झाला, तर तो रुग्णाच्या शरीरातून वाट काढू शकतो. हृदयाशी थेट जोडल्या जाणाऱ्या भागांसाठी आयईसी ६०६०१ या वैद्यकीय विद्युत उपकरणांच्या सुरक्षा मानकाने रुग्णापर्यंत पोचणाऱ्या गळतीची मर्यादा सामान्य स्थितीत केवळ १० मायक्रोअँपिअर ठेवली आहे. रुग्णाला लावल्या जाणाऱ्या इतर बहुतांश विलग (विजेपासून वेगळ्या ठेवलेल्या) भागांसाठी ती १०० मायक्रोअँपिअर आहे. ही गळती मोजणारे इलेक्ट्रिकल सेफ्टी ॲनालायझर हाताळता येणे आणि त्यावरच्या आकड्यांचा अर्थ सांगता येणे हे पहिल्या वर्षातच शिकून घ्या.

दुसरा प्रश्न पाण्याचा. पंतप्रधान राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६ मध्ये सुरू झाल्यापासून जिल्हा रुग्णालयांत डायलिसिसची सोय वाढत गेली. डायलिसिसच्या द्रावाच्या मिनिटाला ५०० मिलिलिटर या नेहमीच्या प्रवाहाने चार तासांच्या एका डायलिसिसला सुमारे १२० लिटर शुद्ध पाणी लागते, आणि आरओ संयंत्रातून वाया जाणारे पाणी त्याखेरीज असते. टंचाईच्या महिन्यांत नळाचे पाणी बंद होते, विंधन विहीर किंवा टँकर सुरू होतो आणि आरओत येणाऱ्या पाण्याचा क्षार, क्लोरीन आणि जीवाणूंचा हिशेब एका दिवसात बदलतो. पाण्यातील क्लोरामाइन कार्बन फिल्टरने अडवले गेले नाही तर रुग्णाच्या रक्तातील लाल पेशी फुटतात. डायलिसिसच्या पाण्यात दर मिलिलिटरला १०० पेक्षा कमी जीवाणू-वसाहती आणि ०.२५ एककापेक्षा कमी एंडोटॉक्सिन (जीवाणूंपासून येणारे विषारी द्रव्य) असावे, असे आयएसओ २३५०० मानक सांगते. पाण्याचा स्रोत बदलला की त्याच दिवशी तपासणी करणारा अभियंता ज्या केंद्रात आहे, तिथले रुग्ण अधिक सुरक्षित असतात. ही समज असलेल्या पदवीधराला लातूर, बीड किंवा धाराशिवच्या डायलिसिस केंद्रात आणि पुढे डायलिसिस यंत्रांच्या कंपन्यांतही मागणी राहते.

सार्वजनिक रुग्णालयांतील कामाची आणखी एक वाट देखभाल संस्थांतून जाते. राष्ट्रीय आरोग्य अभियानाखाली २०१५ मध्ये जैववैद्यकीय उपकरण देखभाल कार्यक्रम आखण्यात आला. त्यात जिल्हा रुग्णालयांतील यंत्रे ९५ टक्के, सामुदायिक आरोग्य केंद्रांतील ९० टक्के आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांतील ८० टक्के काळ चालू राहावीत असे लक्ष्य ठेवले गेले. अशा कंत्राटांवर काम करणाऱ्या संस्थांना जिल्हानिहाय अभियंते लागतात. पगार सुरुवातीला बेताचाच असतो आणि प्रवास खूप, हे मान्य करूनच जावे. मात्र एका वर्षात शेकडो प्रकारची उपकरणे हाताखालून जातात, आणि तेवढी विविधता मोठ्या शहरातल्या चकचकीत रुग्णालयात मिळत नाही.

तिसरी पायरी: कंपनीत सर्व्हिस किंवा ॲप्लिकेशनचे काम

उपकरण कंपन्या आणि त्यांचे वितरक संभाजीनगर, नांदेड, लातूर येथे क्षेत्रीय अभियंते नेमतात. सर्व्हिस अभियंता यंत्र बसवतो, दुरुस्त करतो आणि देखभालीचे वेळापत्रक सांभाळतो. ॲप्लिकेशनचा माणूस डॉक्टर आणि तंत्रज्ञांना ते यंत्र वापरायला शिकवतो. तुम्हाला बोलायला आवडत असेल, शरीरशास्त्र चांगले असेल तर ॲप्लिकेशनकडे वळा. सर्किट आणि आकृती वाचायला आवडत असेल तर सर्व्हिसकडे.

इथे यंत्राचा प्रकार विचारपूर्वक निवडा. पॅथॉलॉजीच्या ॲनालायझरचे (रक्त वगैरे तपासणाऱ्या यंत्रांचे) काम तालुक्याच्या गावापर्यंत पसरलेले असल्याने फिरती जास्त असते, तर सीटी-एमआरआयमध्ये यंत्रे कमी, प्रशिक्षण सखोल आणि जबाबदारी मोठी असते. दोन-तीन वर्षांत एका प्रकारात हात बसला की पगाराची उडी बहुधा कंपनी बदलताना मिळते.

दोन कायदे पाठ असायला हवेत. एक्स-रे आणि सीटी यंत्रांवर अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियंत्रण आहे. यंत्राची नोंदणी आणि परवाना ई-लोरा या संकेतस्थळावरून होतो, आणि गुणवत्ता तपासणी मंडळाने मान्यता दिलेल्या संस्थेकडूनच करून घ्यावी लागते. दुसरा कायदा गर्भधारणापूर्व व प्रसूतिपूर्व निदान तंत्रे कायदा. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या, आणि हे प्रमाण राज्यात सर्वांत कमी होते. त्यानंतर सोनोग्राफी यंत्रांवरची देखरेख कडक झाली. नोंदणी नसलेल्या केंद्राला यंत्र विकता येत नाही, डेमोसाठीही ठेवता येत नाही, आणि विकलेल्या यंत्रांची यादी पुरवठादाराने दर तीन महिन्यांनी शासनाला द्यावी लागते. एखाद्या ओळखीच्या डॉक्टरांनी यंत्र दुसऱ्या जागी हलवून देण्याची विनंती केली, तरी सक्षम प्राधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय त्याला हात लावू नका. इथे नोकरीच्याही पलीकडचा प्रश्न आहे. आपल्या भागातल्या मुलींच्या जिवाशी त्याचा थेट संबंध आहे.

चौथी पायरी: गुणवत्ता आणि नियामक काम

या वाटेबद्दल आपल्याकडे फार कमी बोलले जाते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. वैद्यकीय उपकरण नियम २०१७ हे १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले. पुढे फेब्रुवारी २०२० च्या अधिसूचनेने १ एप्रिल २०२० पासून सर्वच वैद्यकीय उपकरणे औषध कायद्याच्या कक्षेत आली, आणि टप्प्याटप्प्याने परवाना सक्तीचा झाला. उपकरणांचे जोखमीप्रमाणे ए, बी, सी आणि डी असे चार वर्ग आहेत. जीभ दाबून धरायची पट्टी सर्वांत कमी जोखमीत येते, इंजेक्शनची सुई त्यापुढे, व्हेंटिलेटर त्याहून वर आणि हृदयाची कृत्रिम झडप सर्वांत वर. ए आणि बी वर्गाच्या उत्पादनाचा परवाना राज्याचा अन्न व औषध प्रशासन विभाग देतो. सी आणि डी वर्ग तसेच सर्व आयात केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेकडे असते.

याचा परिणाम असा झाला की जो लहान कारखाना पूर्वी परवान्याशिवाय चालत होता, त्यालाही आता गुणवत्ता व्यवस्थापनाची कागदपत्रे, जोखीम विश्लेषण आणि चाचण्यांचे अहवाल तयार करणारा माणूस लागतो. त्यासाठी तीन मानके मुळातून वाचा: गुणवत्ता व्यवस्थेसाठी आयएसओ १३४८५, जोखमीसाठी आयएसओ १४९७१ आणि शरीराशी संपर्क येणाऱ्या पदार्थांच्या चाचण्यांसाठी आयएसओ १०९९३. यंत्रात सॉफ्टवेअर असेल तर आयईसी ६२३०४ हेही हवे. अभ्यासक्रमांची जाहिरात करणाऱ्या संस्थांना मोठी फी देण्यापूर्वी एक साधे उपकरण निवडा, उदाहरणार्थ पल्स ऑक्सिमीटर, आणि त्याची जोखीम-फाइल स्वतः लिहून पाहा. कोणता बिघाड होऊ शकतो, त्यातून रुग्णाला काय इजा होईल, ती टाळण्यासाठी रचनेत काय केले आणि ते परिणामकारक ठरले हे कशावरून, या चार प्रश्नांची उत्तरे लिहिता आली तर हे काम तुम्हाला जमेल. संयमाने वाचणाऱ्या आणि नेमके लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांनी याचा गंभीरपणे विचार करावा, विशेषतः घरच्या जबाबदारीमुळे ज्यांना सतत फिरती शक्य नाही त्यांनी.

वापरात आलेल्या उपकरणांमुळे झालेल्या इजांची नोंद घेणारा मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रम २०१५ पासून गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगामार्फत चालतो. त्याची केंद्रे वैद्यकीय महाविद्यालयांत असतात. रुग्णालयात काम करताना अशा नोंदी करण्याची सवय लावली, तर नियामक क्षेत्रात जाताना ती अनुभव म्हणून दाखवता येते.

पाचवी पायरी: उत्पादन, रचना आणि पुढील शिक्षण

संभाजीनगरचा उद्योग वाहन, औषधनिर्माण आणि यंत्रभागांचा आहे. उपकरण उत्पादन तुलनेने थोडे आहे. तरी वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्रा येथील कारखान्यांतले अचूक यंत्रण आणि प्लास्टिक साचे यांचे कौशल्य उपकरणांसाठीच लागते. चिकलठाण्यातील इंडो-जर्मन टूल रूम आणि विद्यापीठ परिसरातील नायलिट या संस्थांत साचे, संगणकीय रचना आणि इलेक्ट्रॉनिक रचना शिकता येते. ज्याला उपकरणाची रचना करायची आहे, त्याने पदवीच्या जोडीला यांपैकी एक कौशल्य घ्यावेच.

नोकरीसाठी पुण्याकडे पाहण्याची आपल्याला सवय आहे. पण नांदेड, उदगीर किंवा उमरग्याच्या मुलांना हैदराबाद पुण्यापेक्षा जवळ आहे. संगारेड्डी जिल्ह्यातील सुलतानपूरला तेलंगणाने वैद्यकीय उपकरण उद्यान उभे केले आहे, त्याच जिल्ह्यात कंदीला आयआयटी हैदराबाद आहे आणि शहरात मेडट्रॉनिक या उपकरण कंपनीचे अभियांत्रिकी केंद्र आहे. अर्ज करताना ही दिशा विसरू नका.

एम.टेक. करायचे असेल तर २०२० पासून गेट परीक्षेत बायोमेडिकल अभियांत्रिकीचा स्वतंत्र पेपर आहे. आयआयटी मुंबई, आयआयटी हैदराबाद, खरगपूर, वाराणसी, तसेच राउरकेलाची एनआयटी येथे या विषयाचे किंवा त्याच्या जवळचे विभाग आहेत. रुग्णालयाशी जवळीक हवी असणाऱ्यांसाठी आयआयटी मद्रास, वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज आणि तिरुवनंतपुरमची श्री चित्रा तिरुनाळ संस्था यांनी मिळून घडवलेला क्लिनिकल इंजिनिअरिंगचा अभ्यासक्रम मला सर्वांत मोलाचा वाटतो. चित्रा संस्थेने स्वदेशी हृदय-झडप आणि रक्तपिशवी विकसित केली, ही गोष्ट तिथल्या शिक्षणाची दिशा सांगते. एक खबरदारी घ्या: रेडिओथेरपीतील वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ हे पद भौतिकशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणावर आधारलेले आहे; बायोमेडिकल पदवीवरून तिकडे थेट जाता येत नाही.

सहावी पायरी: शासकीय पदे

राष्ट्रीय आरोग्य अभियानाची कंत्राटी पदे, एम्स संस्था, एचएलएल लाइफकेअरसारखे सार्वजनिक उपक्रम आणि बंगळुरूची डीआरडीओची डेबेल ही जैव-अभियांत्रिकीची प्रयोगशाळा येथे संधी निघतात, पण जागा थोड्या असतात. जाहिरातीत शैक्षणिक पात्रतेची ओळ शब्दशः वाचा. अनेकदा 'इलेक्ट्रॉनिक्स किंवा इन्स्ट्रुमेंटेशन' एवढेच लिहिलेले असते, आणि तिथे समकक्षतेचे प्रमाणपत्र विद्यापीठाकडून आधीच घेऊन ठेवलेले असावे लागते. अंतिम तारखेच्या आठवड्यात ते मिळत नाही. केवळ सरकारी नोकरीसाठी तीन-चार वर्षे अनुभवाविना घालवणे मात्र या क्षेत्रात फार महाग पडते, कारण तेवढ्या काळात यंत्रांची एक पिढी बदललेली असते.

सातवी पायरी: स्वतःचा व्यवसाय

किमान चार-पाच वर्षांच्या अनुभवानंतरच याचा विचार करावा. मराठवाड्यात खरी उणीव कॅलिब्रेशन सेवेची आहे. परभणी, हिंगोली, जालन्याच्या लहान रुग्णालयांना इन्फ्युजन पंप, डिफिब्रिलेटर आणि मॉनिटर तपासून घ्यायला बाहेरच्या शहरातून माणूस बोलवावा लागतो. उपकरणे तपासणारी दोन-तीन ॲनालायझर यंत्रे घेऊन ही सेवा सुरू करता येते. पुढे आयएसओ १७०२५ प्रमाणे एनएबीएल ही प्रयोगशाळांना दिली जाणारी मान्यता मिळवली की मोठ्या रुग्णालयांची दारेही उघडतात. उपकरणांची विक्री करायची असेल तर एमडी-४२ हे नोंदणी प्रमाणपत्र राज्य परवाना प्राधिकाऱ्याकडून घ्यावे लागते. त्यासाठी सक्षम तांत्रिक व्यक्ती आवश्यक असते आणि पदवीधर म्हणून तुम्ही स्वतः ती अट पूर्ण करता.

नवे उपकरण बनवण्याची कल्पना असेल तर बायरॅक या केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान संस्थेचे बायोटेक्नॉलॉजी इग्निशन अनुदान पाहा. त्यात १८ महिन्यांसाठी ५० लाख रुपयांपर्यंत मदत मिळू शकते. अर्ज लिहायला आणि उद्योजक गाठायला संभाजीनगरचे मॅजिक हे नवउद्योजकांना मदत करणारे केंद्र उपयोगी पडेल. मुंबई आयआयटीतील बेटिक केंद्र आणि पुण्याचे व्हेंचर सेंटर येथेही उपकरणांवर काम करणारे गट आहेत.

पहिली नोकरी स्वीकारताना

दोन प्रस्ताव हाती असतील तर केवळ पगाराच्या आकड्यावर निर्णय घेऊ नका. पहिल्या सहा महिन्यांत कंपनी कोणत्या यंत्राचे प्रशिक्षण देणार आणि ते कारखान्यात की फक्त वरिष्ठासोबत फिरून, हे विचारा. नोकरी सोडण्याबाबत बंधपत्र आहे का आणि मूळ शैक्षणिक प्रमाणपत्रे ठेवून घेतात का, हेही स्पष्ट विचारा. मूळ प्रमाणपत्रे कोणाकडेही देऊ नका. तुमच्याकडे किती जिल्हे आणि किती यंत्रे राहतील, रात्रीच्या कॉलला वाहन कोण देणार आणि प्रवासखर्च किती दिवसांत मिळतो, याची उत्तरे लेखी घ्या. शक्य झाल्यास त्याच क्षेत्रात त्या कंपनीचे यंत्र वापरणाऱ्या एखाद्या रुग्णालयात जाऊन तिथल्या तंत्रज्ञाला विचारा की बिघाड कळवल्यावर माणूस किती तासांत येतो आणि स्पेअर किती दिवसांत मिळतो. ज्या कंपनीचे स्पेअर वेळेवर येत नाहीत, तिथल्या अभियंत्याचा सगळा दिवस चिडलेल्या डॉक्टरांची समजूत घालण्यात जातो आणि शिकण्यासाठी वेळ उरत नाही.